बिनउंबऱ्याचं घर

९ जानेवारी

ट्रेकवाल्या मंदारने गडावरच्या आमच्या सगळ्या पोरांना डायऱ्या वाटल्या. वरती बर्फाच्या डोंगराचा फोटो. मला म्हणाला, हणमंता, तुझं मन एका जागी बसत नाही, रोज दोन ओळी लिहीत जा. मी बरं म्हटलं. त्याला आठवडा होऊन गेला आणि ही पहिली ओळ.

तर घराचं. मागच्या पावसात गडाखालच्या पाली गावातल्या आमच्या घराचं आढं खचलं. भिंती मातीच्या, त्यांनीही पोट काढलेलं. दिवाळीनंतर पाडून टाकलं. आता त्याच जागेवर दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि न्हाणी आतच. आई तोवर उत्रोलीला ताईकडं. बाबा गेल्यापासून आई आणि मी एवढेच, आणि त्यातला मी असून नसल्यासारखा. बारावी अर्धी टाकली, पानशेतला एका बंगल्यावर कामाला राहिलो, मग हॉटेलात, मग टेम्पोवर, एक सीझन गोव्यात. आता लोकांना राजगडावर घेऊन चढतो. आई म्हणते, ह्याच्या पायाला भिंगरी.

पण ह्या वेळी ठरवलंय. मे महिन्यात घर पुरं करायचं, आईला आत न्यायचं आणि मग मंदारबरोबर लेहला जायचं. तिथं त्याचा तंबूंचा कॅम्प आहे. मी अजून बर्फ बघितलेला नाही. फोनवर आईला सांगितलं. तिला वाईट वाटेल वाटलं होतं. ती म्हणाली, "जा की. आदी मला माज्या घरात नेऊन सोड, मग कुठं जायचं तिकडं जा."

आज विटा उतरून घ्यायच्या होत्या. पण गडाच्या वाटेवर पुण्याच्या लोकांचा ड्रोन उंबराच्या झाडात अडकला. तो काढण्यात दिवस गेला. विटा कुंडलिकमामांनी उतरवून घेतल्या आणि मला काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं. मामा गवंडी आहेत, आईच्या माहेरचे.

१७ जानेवारी

भोरला फरशी बघायला गेलो. उत्रोली हाकेच्या अंतरावर, म्हणून आईलाही घेतलं. घर तिचं, तिनेच निवडावी.

दुकानात एवढे नमुने की माझं डोकंच फिरलं. आई मात्र कशाकडं बघेचना. एकेका फरशीवर नुसता हात फिरवत होती, पीठ चाळल्यासारखा. शेवटी एका खरबरीत फरशीवर हात ठेवून म्हणाली, ही. दुकानदार हसला. म्हणाला, आजी, ही पार्किंगची आहे, ह्याच्यावर गाड्या लावतात. दोन गिऱ्हाइकंही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई म्हणाली, "असू द्या. पायाला कळती तरी."

मी विचारलं, रंग तरी सांग. तर म्हणाली, "तूच सांग. तुजं डोळं नवं हायेत."

मग मी पांढरी घेतली. चकचकीत. पानशेतच्या बंगल्यात अशीच होती. सकाळी उन्हात ती फरशी तळ्यासारखी दिसायची. मालक आले की अनवाणी चालायचे तिच्यावर आणि मी बाहेर फडकं घेऊन उभा. तेव्हाच मनात घेतलं होतं, एक दिवस आमची आईपण अशी चालेल.

दुकानातून बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना आईने माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि बस स्टँडपर्यंत सोडली नाही. लहानपणी मी तिचा पदर धरायचो तसं. लई बरं वाटलं. माया करायचं वय असतं माणसाचं.

२ फेब्रुवारी

फरशीचं काही खरं नाही. साखर गावात एकाच्या घरी पांढरी बसवलीय ती बघायला गेलो. सगळीकडं पायाचे ठसे. बाई म्हणाली, दिवसभर पुसतच बसते. परत येताना वाटलं करडी घ्यावी. भोरला गेलो, करडी ठरवली. रात्रभर डोळ्यापुढं करडी म्हणजे स्मशानाची शेड दिसायला लागली. सकाळी फोन करून पुन्हा पांढरी सांगितली. दुकानदार म्हणाला, भाऊ, लग्नाला मुलगी बघताना तरी एवढं करू नका.

मामा म्हणतात, "हणम्या, घर तू बांदतोयस का म्या? एकदा काय ते ठरीव."

मला ठरवता येत नाही असं नाही. ठरवलेलं टिकत नाही. बाहेर कसं, आवडलं नाही तर उठून दुसरीकडं जाता येतं. घराला जाता येत नाही. ते तिथंच राहणार आणि माझी चूक सगळ्यांना दाखवत बसणार.

एक मात्र ठरलं. उंबरा नको. मी बंगल्यातलं सांगितलं, सगळं एका लेव्हलला, कुठं ठेच नाही, पाणी काढलं की सरळ बाहेर. मामांनाही पटलं, म्हणाले आता कोण उंबरे बसवतंय, नुसती अडगळ. जुन्या घराचा उंबरा ऐनाच्या लाकडाचा होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. आई रोज सकाळी त्याच्यावर हळदकुंकू वाहायची. फेकवेना. मागे पाण्याच्या पिंपाखाली टाकला. पिंप आता डुगडुगत नाही.

१९ फेब्रुवारी

ताईचा फोन. पुष्कळ वेळ इकडचं तिकडचं बोलली, तेव्हाच ओळखलं काहीतरी आहे. म्हणाली, आई काल जेवणाच्या पंगतीत पोराच्या ताटात पाय देऊन गेली. दारात चपला चाचपत बसते. "तिच्या डोळ्याचं बघाया पायजे हणमा."

आईला फोन द्यायला सांगितला. आई हसायला लागली. म्हणाली, "मोतीबिंदू हाय रं. समद्यास्नी हुतो. पिकला की काडायचा. कच्चा काडला तर डोळा जातो."

हे मलाही माहीत आहे. शेजारच्या फुलाबाईच्या सासूचा पिकू दिला, मग शिबिरात नेऊन काढला. म्हातारी आता टीव्ही बघते. फुलाबाईला विचारलं, तर तीही म्हणाली, पिकू द्या, घाई नका करू. म्हणजे घर झाल्यावर, दिवाळीच्या शिबिरात. तोवर मी लेहवरून येतोच. बरं झालं, एक तरी काम असं निघालं ज्यात थांबणंच बरोबर आहे.

६ मार्च

परवा शेगडीचं झालं.

मी विजेची आणलेली. काळी काच, वरून एकदम सपाट, बोट लावलं की चालू. धूर नाही, जाळ नाही. आईचे डोळे चुलीनेच गेलेत असं ताई म्हणते, म्हणून मुद्दाम ही. ताई-दाजी आईला घेऊन बांधकाम बघायला आले, तेव्हा वायर ओढून लावून दाखवली.

आईने काचेवर तळहात ठेवला. मग बोटं फिरवली. कडेपर्यंत जाऊन परत आली. म्हणाली, "ह्याला काय धरायचं?"

मी म्हटलं धरायचं नाही, नुसतं टेकवायचं. हितं. तिने भलतीकडंच टेकवलं. मी तिचं बोट धरून जागेवर ठेवलं, शेगडी टुं वाजली, आईने हात मागे घेतला. पुन्हा भलतीकडं. चारदा दाखवलं. शेवटी मी जरा जोरातच बोललो, अगं समोर लाल लिहिलेलं आहे, तेवढं तर बघ. दाजी बाहेर गेले. आई म्हणाली, "ह्याला ना नाक ना कान. म्या कशी वळकायची?"

मला राग आला. चांगली वस्तू दिली तरी आपल्या माणसांना जुनंच पाहिजे. मग राग गेला आणि वाईट वाटलं. मग वाटलं मीच चुकीची आणली. दुसऱ्या दिवशी परत करून गॅसची घेतली, चांगली कान असलेली, पिरगाळायची. आता वाटतंय, तिला चार दिवस शिकवली असती तर आली असती.

जाता जाता ती नव्या भिंतीला हात लावत सगळ्या घरात फिरली. मामांना म्हणाली, जातं कुठं हुतं, हितंच ना? मामा म्हणाले, व्हय आक्का, आता तिथं फ्रीज येणार. आई म्हणाली, मग फ्रीज हलवू नका कुणी.

८ मार्च

काही नाही. दिवसभर गिझर का तांब्याचा बंब ह्यावर मामांशी वाद. बंब परवा चिंचेखाली भंगारवाल्याला दाखवलेला, तो आज परत आत आणला.

२८ मार्च

फरशी बसली. सगळं पांढरं. जसं कुणी दूध सांडून गेलंय आणि पुसायला कुणी नाही.

पाय धुवून आत आलो आणि सरकलो. भिंत धरली म्हणून वाचलो. मामा म्हणाले, सवय होईल. माझ्या डोक्यात मात्र दुकानातली ती खरबरीत फरशी आली. पण आता काय. पार्किंगची फरशी घरात, लोक हसले असते.

१४ एप्रिल

मंदारने काढलेलं तिकीट आलं मोबाईलवर. माझं नाव इंग्रजीत बघून काळीज हललं. एकोणीस मेला पुण्यातून निघायचं. आईला सांगितलं. म्हणाली, थंडी लई असंल, बाबाची घोंगडी ने. ती कुठं आहे हे तिलाच ठाऊक. मला शोधून सापडली नाही.

७ मे

घरभरणी झाली. लिहायला बसलोय, पण काय लिहू कळत नाही.

पाहुणे आले. ताईने दूध उतू घातलं. सगळे म्हणाले, हणमाने बंगला केला. आईला नवं लुगडं. ताई तिचा हात धरून दारापर्यंत आली. आईच्या हातात देव होते, म्हणून तिने हात सोडवून घेतला. दारात आल्यावर तिने उजवा पाय चांगला वर उचलला, उंबरा ओलांडायला. उंबरा नाहीच. पाय हवेतून खाली आला आणि ती पुढं कलंडली. देव पोटाशी धरून ठेवले, पडू दिले नाहीत. दाजींनी सावरलं.

लोक हसले. मीपण हसलो. म्हटलं, आई, अजून जुन्याच घरात आहेस का? तीपण हसली. फुलाबाई तेवढी हसली नाही. ती आईकडं बघत होती, मग माझ्याकडं.

आणि पहाटे अजून एक झालं होतं. आदल्या रात्री फुलाबाईकडं उतरलेल्या आईने मी उठायच्या आधी तिच्या गोठ्यातून शेण आणून दाराबाहेरची फरशी सारवून ठेवली होती. देव शेणाच्या जमिनीवरच आत यायचे म्हणे. दुपारपर्यंत ते वाळलं आणि त्याचे पोपडे सुटले. पाहुण्यांच्या पायाखाली कुरकुर वाजत सगळ्या घरभर झालं. आई कोपऱ्यात बसून तो आवाज ऐकत होती.

१२ मे

आईची परीक्षा घेतल्यासारखं चाललंय माझं. मी नसताना तिला एकटीला जमेल का, हे बघायला पाहिजे ना. तर जमतंय. पहाटे उठते, भाकरी करते, देवापुढं दिवा लावते. सगळं जिथल्या तिथं. काडेपेटी गॅसच्या उजवीकडं म्हणजे उजवीकडंच. मला सांगून ठेवलंय, काही हलवायचं नाही.

काल मी हलवलं. फ्रीजची वायर बोर्डाला ताणली जात होती, म्हणून हातभर इकडं ओढला. संध्याकाळी आई पाण्याची कळशी घेऊन सरळ त्याच्यावर गेली. कपाळाला टेंगूळ. पाणी फरशीवर, आई पाण्यात. मी ओरडलो, एवढा पांढराधोप फ्रीज, दिसला नाही? ती म्हणाली, "दिसला की. पाय घसरला."

फरशीमुळंच म्हणजे. तरी मला वाटतच होतं.

मी म्हटलं, आई, मी नाही जात. ती ताडकन उठून बसली. "जायाचं. माज्या घरात मला सुकानं राहू दे. तू डोसक्यावर बसलास तर मला काय करता येतंय?"

बोलली ते बरोबर आहे. मी असलो की वस्तू हलतात.

१९ मे

मार्गासनीच्या चहाच्या टपरीवर लिहितोय. पुण्यात असायला पाहिजे होतं.

सकाळी आई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बॅग मी उचलते म्हणून बॅगेचा पट्टा धरून चालली. मी म्हटलं सोड, जड आहे. सोडेना. घोंगडी तिने कुठून काढली कोण जाणे, तीपण बॅगेला बांधलेली.

ST उभी होती. पलीकडं पुण्याच्या ट्रेकवाल्यांची मिनीबस, तिचंही इंजिन चालू, पोरं घोषणा देत होती. मी पाया पडलो, आत चढलो, आईच्या बाजूची खिडकी पकडली. दोन्ही गाड्या एकदमच हलल्या. मी हाक मारली. आईने हात वर केला आणि हलवायला लागली, पण मिनीबसकडं तोंड करून. तिकडं खिडकीत गॉगल लावलेली एक मुलगी होती. तिला वाटलं म्हातारी आपल्यालाच टाटा करतीय. तीपण हात हलवत होती.

मला हसू आलं. अगं इकडं, म्हणून ओरडलो. आमची ST तिच्या अगदी जवळून गेली, खिडकीतून हात काढला असता तर तिच्या डोक्याला लागला असता. तिची पाठ माझ्याकडं. मिनीबस वळणावर गेली तरी ती तसाच हात हलवत होती. धूळ खाली बसली तरी.

मग एकेक आठवलं. बाही. शेगडी. फ्रीज. हवेत उचललेला पाय. मी सगळं बघितलं होतं की. इथं लिहूनपण ठेवलंय.

मार्गासनीला उतरलो. मंदारचे फोन येतायत. उचलले नाहीत. परत जायला जीप भरायची वाट बघतोय.

२४ मे

भोरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. ताईपण आली. मी आत गेल्या गेल्या म्हटलं, मोतीबिंदू पिकलाय का बघा. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मशीन लावलं, थेंब घातले, परत तपासलं. मग म्हणाल्या, मोतीबिंदू नाहीच. काचबिंदू आहे. हा पिकत नाही, आतल्या आत खातो. एक डोळा पार गेलाय. दुसऱ्याला आता उजेड-अंधार तेवढा कळतो. गेलं ते परत येणार नाही. हे थेंब रोज न चुकता घालायचे, म्हणजे राहिलेला उजेड राहील.

ताईने विचारलं, आधी आणलं असतं तर? बाई म्हणाल्या, दिवाळीच्या सुमाराला आणलं असतं तर थोडं तरी वाचलं असतं. त्या रागाने बोलल्या नाहीत. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा आम्ही घर पाडत होतो.

बाहेर बाकड्यावर मी आईला विचारलं, तुला माहीत होतं?

"म्हाईत न्हवतं. कळत हुतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

ताई चपला घालायला पुढं गेली होती. ती लांब गेलेली ऐकून आई हळू म्हणाली, "सांगितलं असतं तर तुज्या ताईनं मला घरी येऊ दिलं असतं का? आंदळीला कोन एकटं ठेवतंय? जुन्या घरात माजं अडत न्हवतं रं. समदं पायाला ठावं हुतं. म्हटलं नवं हुईल तेबी हुईल ठावं. तवर मोतीबिंदू म्हणायचं."

ताई आईला उत्रोलीला चल म्हणते. आई माझ्याकडं तोंड करून बसली होती. बघत नव्हती, नुसतं तोंड केलं होतं.

पालीला आणलं.

२ जून

मंदार गेला. त्याने तिथून तंबूंचा फोटो पाठवला. मागे बर्फ. मी मोबाईल पालथा ठेवला.

पिंपाखालचा उंबरा काढला. एका बाजूने वाळवी लागलीय, पण मधला खोलगट भाग शाबूत आहे. मामांना म्हटलं दारातली फरशी फोडा. मामा म्हणाले, नवी फरशी फोडायची? मग म्हणाले, फोडतो. म्हणाले, उंबरा काढताना म्याबी हो म्हणालो हुतो. फोडताना दोघंही आवाज होऊ नये असं बघत होतो, जसं काही घरात कुणी झोपलंय. उंबरा नीट बसला नाही. जुन्या चौकटीच्या मापाचा तो, एका बाजूला बोटभर फट राहिलीय. आता दार लागत नाही.

गडावर अवघड जागी आम्ही दोर लावतो, तसा दारापासून देवापर्यंत, देवापासून न्हाणीपर्यंत भिंतीने दोर लावला. त्याला गाठी मारल्या, कुठं आलो ते कळायला. आईने दोन दिवस त्याला हात लावला नाही. म्हणाली, गुरासारकं बांदलंस का मला. आज सकाळी धरून गेली.

संध्याकाळी ती नव्या-जुन्या उंबऱ्यावर बसली होती, त्या खोलगटात बोटं घालून. मी फरशी पुसत होतो. पानशेतला शिकलो तसं, मागं सरकत. मधेच म्हणाली, "हणमा, फरशी कंच्या रंगाची हाय रं?"

मी सांगितलं, पांढरी.

"पांडरी?" तिने खोलगटातली बोटं काढून फरशीवर टेकवली. "आरं, मळंल की."

"मळू दे. मी पुसतो."

"किती दिस?"

मी फडकं पिळलं. पाणी बादलीत पडलं, आणि ती त्या आवाजाकडं कान देऊन बसली.